पॉलिमर क्लेचे दागिने: पाकीट फोडण्याआधीची तयारी

पॉलिमर क्लेचे दागिने करायचे ठरले की हात आधी जातो रंगांच्या संचाकडे. मग कटर, मग साचे, आणि ओव्हनची आठवण होते ती पानाफुलांचे आकार टाइलवर मांडून झाल्यावर. तयारी याच्या नेमकी उलट दिशेने करावी. जे शेवटी लागणार ते आधी तपासायचे, आणि माती सगळ्यांत शेवटी घ्यायची. कच्ची माती कितीही बिघडली तरी पुन्हा मळता येते, पण एकदा भाजली की तिच्यात फेरफार फारसा करता येत नाही.

तेव्हा यादीत पहिला ओव्हन. पॉलिमर क्ले म्हणजे मुळात पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आणि रंग. ती हवेवर ठेवून वाळत नाही. उष्णता मिळाली की भुकटीचे कण तो प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. उष्णता कमी पडली तर हे मिसळणे अर्धवट राहते. वस्तू वरून कडक दिसते, पण हातातून पडली की बिस्किटासारखी तुटते, आणि मग दोष मातीला दिला जातो. उष्णता थोडी जास्त झाली तर पांढरा आणि फिके रंग पिवळसर-तपकिरी पडतात. फारच जास्त झाली तर पीव्हीसी करपून हायड्रोजन क्लोराइड हा घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. धूर किंवा तसा उग्र वास आलाच तर ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हवा स्वच्छ होईपर्यंत खोलीबाहेर थांबावे. भाजताना खिडकी उघडी ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका. आतले तापमान त्याहून दहा-वीस अंशांनी सहज कमीजास्त असते, शिवाय ते एका जागी स्थिर न राहता वरखाली होत असते. यावर उपाय एकच: ओव्हनच्या आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर. एवढ्या सगळ्या खरेदीत एकाच वस्तूचा आग्रह धरायचा झाला तर मी याच वस्तूचा धरीन. टाइल जिथे ठेवणार त्याच उंचीवर तो ठेवा, ओव्हन रिकामाच १५-२० मिनिटे तापवा आणि काटा कुठून कुठे फिरतो ते काचेतून पाहा. पाहिजे ते तापमान मिळायला बटण कुठे ठेवावे लागते, त्याची नोंद करा. कॉइलच्या अगदी जवळची जागा टाळा, मधली बरी. मायक्रोवेव्ह लहरींवर ही माती भाजायची नाही. त्याच यंत्रात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची, सोय असेल तर फक्त ती वापरा. उघड्या गॅसच्या आचेवरही हा खेळ नको.

किती अंशांवर भाजायचे, हे पाकिटावर छापलेले असते आणि ब्रँडनुसार बदलते. फिमोला ११० अंश सेल्सिअस, प्रीमोला १३०, काटोला १५० च्या आसपास. वेळ साधारण ३० मिनिटे, आणि जाडी ६ मिलिमीटरच्या पुढे गेली की त्या हिशेबाने जास्त. तापमान योग्य असेल तर दहा-पंधरा मिनिटे जादा भाजल्याने बिघडत नाही, उलट मजबुती वाढते. कमी तापमानाची भरपाई मात्र जादा वेळ देऊन होत नाही. वेगवेगळ्या ब्रँडची माती एकाच दागिन्यात मिसळायचा मोह म्हणूनच सुरुवातीला टाळलेला बरा.

भाजण्यासाठी एक गुळगुळीत सिरॅमिक टाइल लागेल. माती थेट टाइलवर ठेवली की टेकलेल्या बाजूला चकाकते डाग पडतात, म्हणून मध्ये साधा कोरा कागद. एवढ्या तापमानाला कागद पेट घेत नाही, फक्त तो कॉइलला लागणार नाही हे पाहा. वरून ॲल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू केला की फिके रंग शाबूत राहतात. गोल मण्यांसाठी जाड कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि त्या खाचांत मणी बसवा, म्हणजे ते घरंगळत नाहीत आणि खालून चपटेही होत नाहीत.

आता दागिना अंगावर टिकवणारे सुटे भाग. यांची निवड रचनेच्या आधी करायची, कारण भोक कुठे येणार आणि किती मोठे असणार हे त्यावरच ठरते. लोंबत्या कानातल्यांना हुक आणि ६ ते ८ मिलिमीटरच्या कड्या लागतात, कानाला चिकटून बसणाऱ्यांना मागे चकती असलेल्या काड्या. कान लवकर चिघळत असतील तर बहुधा निकेलचा त्रास असतो, तेव्हा टायटॅनियमचे हुक घ्या, नाहीतर चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे. छोट्या पकडी दोन हव्यात, एकीने भागत नाही. कडी उघडताना तिची दोन टोके बाजूंना फाकवायची नाहीत. एक टोक पुढे, दुसरे मागे असे पिळायचे आणि तसेच परत आणायचे. फाकवलेली कडी पुन्हा नीट गोल होत नाही आणि त्या फटीतून डूल केव्हा निसटला ते कळतही नाही. काडी चिकटवायला झटपट चिकटणाऱ्या गोंदापेक्षा दोन नळ्यांतला इपॉक्सी चांगला. झटपट गोंदाचा जोड ठिसूळ राहतो आणि एका झटक्यात सुटतो.

रचना कागदावर काढून घ्या, खऱ्या मापात. तो आकार पुठ्ठ्यातून कापून आरशासमोर कानाशी धरून पाहिला की निम्मे बेत तिथेच बदलतात. आकार दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर दुसऱ्या कानासाठी पुठ्ठा पालथा करून कापायचा आहे, हे त्यावरच लिहून ठेवा. जाडी २ ते ३ मिलिमीटर पुरते. त्याहून पातळ केले तर मोडण्याची भीती, जाड केले तर कानाला ओझे. भोक कडेपासून निदान २-३ मिलिमीटर आत हवे. भोक कच्च्या मातीत सुईने पाडता येते, पण भाजल्यावर १ मिलिमीटरच्या हातड्रिलने पाडलेले जास्त स्वच्छ येते.

हत्यारांवर फार खर्च करू नका. लाटायला गुळगुळीत ॲक्रिलिकचे लाटणे किंवा सरळ अंगाची काचेची बाटली चालते. जाडी एकसारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना आइसक्रीमच्या काड्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवायचे. एक लांब पातळ पाते, एक सुई, दोन-तीन कटर, एवढ्यात भरपूर होते. पास्ता मशीन घ्यायची घाई नको, हा छंद टिकतो की नाही ते आधी कळू द्या. स्वयंपाकघरातून आणलेली वस्तू मात्र पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हा नियम पक्का ठेवा.

काम काचेवर किंवा टाइलवर करा. कच्च्या मातीतला प्लास्टिसायझर पॉलिश केलेल्या लाकडाला खातो आणि कायमचा डाग पाडतो. काही कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांनाही तो असाच विरघळवतो. माती ठेवायला पॉलिप्रॉपिलीनचा डबा, म्हणजे ज्याच्या तळाशी ५ हा आकडा असतो तो, किंवा साधी प्लास्टिकची पिशवी वापरा. डबा उन्हात किंवा बंद गाडीत राहिला तर माती आतल्या आत घट्ट होऊ लागते.

आता माती. चोवीस रंगांच्या संचापेक्षा पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा आणि एक सोनेरी पुरे, बाकीचे रंग मिसळून करता येतात. पांढरा दुप्पट घ्या, तो सगळ्यांत आधी संपतो. स्वस्त संचांतली आणि स्कल्पी थ्रीसारखी मऊ माती हाताळायला सोपी असते, पण पातळ भागांत ठिसूळ राहते. कानातल्यांसाठी फिमो प्रोफेशनल, प्रीमो किंवा सर्निट बरे. कोणी कपाटातून फार जुनी पाकिटे काढून दिली तर ती वापरू नका. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांतल्या काही थॅलेट प्रकारच्या प्लास्टिसायझरवर कडक मर्यादा आली, आणि त्याआधीच्या मातीत ते असण्याची शक्यता असते.

पाकिटातली माती थेट लाटायची नसते, आधी मळावी लागते. पात्याने पातळ काप करा, तळहातांत दाबा, वळी करा, दुमडा, पुन्हा वळा. सुरुवातीला दुमडलेल्या कडेला भेगा पडतात आणि चुरा सुटतो. काही मिनिटांनी तीच कड भेग न पडता वळते. ती वळली की माती तयार झाली. दुमडताना आत हवा कोंडू देऊ नका, भाजताना त्याचेच फोड येतात. आधी पांढरा, मग फिके, मग गडद आणि लाल-काळा शेवटी. मध्ये दर वेळी ओल्या वाइपने हात पुसा, कारण लाल रंग बोटांच्या रेषांत लपून बसतो आणि नेमका पांढऱ्यावर उमटतो. लोकरीचा किंवा लव सुटणारा कपडा त्या दिवशी घालू नये. बोटांचे ठसे टाळायला चिमूटभर कॉर्नफ्लोअर जवळ असू द्या, आणि भाजण्याआधी चिकटलेली धूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल व कापसाच्या काड्या.

खरे नक्षीकाम सुरू करण्याआधी त्याच मातीची, त्याच जाडीची बोटभर पट्टी भाजून पाहा. गरम असताना ती मऊच लागते, तेव्हा पूर्ण गार होऊ द्या. मग दोन्ही टोके धरून हळू वाकवा. थोडी वाकून परत सरळ झाली तर ओव्हन जमला. कट्कन मोडली तर तापमान कमी पडले: थर्मामीटर पुन्हा पाहा आणि दुसरी पट्टी भाजा. यात एक संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

शेवटच्या हातासाठी ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे वॉटरपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे पॉलिशपेपर, आणि पाण्याचे भांडे. घासायचे ते ओलेच, म्हणजे भुकटी हवेत उडून नाकात जात नाही. नंतर जुन्या जीन्सच्या तुकड्याने चोळले की मंद चकाकी येते आणि बहुतेक दागिन्यांना तेवढी शोभते. वॉर्निश हवेच असेल तर पाण्यात बनलेले घ्या. नेलपॉलिश लावू नका, ते काही दिवसांनी चिकट होते आणि धूळ धरते.

घरात लहान मुले असतील तर मळणे-लाटणे त्यांच्याकडे, पाते आणि ओव्हन मोठ्यांकडे. उरलेले रंगीत तुकडे फेकू नका. ते एकत्र मळून मोठ्या मण्यांच्या पोटात भरता येतात, वर फक्त चांगल्या रंगाचा पातळ थर द्यायचा. आणि वहीच्या पहिल्या पानावर मातीचा ब्रँड, थर्मामीटरचा आकडा, बटणाची जागा आणि मिनिटे लिहून ते पान ओव्हनजवळ चिकटवा.