पायाभूत प्रशिक्षण देणारी संस्था कशी तपासावी

वाचन-लेखन, हिशेब, मोबाइल-संगणकाचा वापर, नोकरीला लागण्याआधीची तयारी. वस्तीत राहून तरुणांना आणि प्रौढांना हे शिकवणारी संस्था तपासायला गेलात की आधी पुढ्यात येतात प्रमाणपत्र वाटपाचे फोटो. ते बाजूला ठेवा आणि हे प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलेल्यांची यादी मागा. संस्थेचं खरं चित्र तिथं दिसतं.

समजा 60 जणांनी नाव नोंदवलं. पहिल्या दोन आठवड्यांत 15 गळाले आणि उरलेल्या 45 पैकी 36 जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. 45 धरून हिशेब केला तर यश 80 टक्के, 60 धरून केला तर 60 टक्के. म्हणून टक्केवारी ऐकली की ती कितीपैकी आहे, हे आधी विचारा. त्या 15 जणांपैकी जितके भेटतील तितक्यांशी बोला. वर्गाची वेळ कामाच्या पाळीला आडवी येत होती, लहान मूल सांभाळायला कुणी नव्हतं की पहिल्याच दिवशी झेपणार नाही असा धडा हातात पडला? यातली बरीच कारणं संस्थेला दूर करता येण्यासारखी असतात.

मग फाइली. संस्थेनं काढून दिलेल्या नकोत; प्रवेशाच्या मूळ यादीतलं दर पाचवं नाव तुम्ही निवडा. 60 जणांत 12 फाइली होतात, एवढ्या नीट वाचून होतात. प्रत्येकीत तारखांचा क्रम लावा: प्रवेश, पूर्वचाचणी, वैयक्तिक योजना, मधला आढावा, शेवटची चाचणी. योजनेची तारीख पूर्वचाचणीच्या आधीची असेल, तर ती योजना त्या माणसाकडे बघून केलेली नाही. बाराही जणांचं उद्दिष्ट ‘संगणक शिकणे’ असेल तर तेच. ‘पाळ्यांचा तक्ता स्वतः वाचून आपली सुट्टी सांगता येणं’ असं काही लिहिलेलं आढळलं, तर तिथं कुणीतरी बसून विचारलंय हे कळतं. हजेरीपट वर्ग बंद असलेल्या दिवसांशी ताडून बघा. महिनाभराच्या खुणा एकाच पेनानं, एकाच तिरकस झोकात असतील, तर तो पट बहुधा एका बैठकीत भरलेला आहे.

चाचण्यांत दोन घोळ नेहमी सापडतात. आधी आणि नंतर तीच प्रश्नपत्रिका दिली, तर वाढलेल्या गुणांत पाठांतर किती हे कळत नाही. काठिण्य तेच पण प्रश्न वेगळे हवेत. दुसरं म्हणजे, वाचनाच्या चाचणीत उतारा प्रशिक्षकानंच मोठ्यानं वाचून दाखवला, तर तपासलं जातं ते ऐकणं.

लेखी अभिप्रायावर अजिबात विसंबू नका. ज्यांना अजून नीट लिहिता येत नाही त्यांचा फॉर्म बहुतेक वेळा प्रशिक्षकच भरतो, मग तक्रार येणार कुठून? सहा-आठ जणांना प्रशिक्षकाशिवाय भेटा. तरुण वेगळे, प्रौढ वेगळे. पोरांसमोर ‘मला जमत नाही’ म्हणायला पन्नाशीचा माणूस संकोचतो. ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘इथं शिकलेलं गेल्या महिन्यात घरी किंवा कामावर काय वापरलंत?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

वर्गात पाऊण तास मागं बसा. दर पाच मिनिटांनी एकच नोंद करा: काम शिकणाऱ्यांचे हात करताहेत की फक्त प्रशिक्षक बोलतोय? संध्याकाळची बॅच चुकवू नका, दमलेली माणसं तिथंच असतात. अठराच्या आतली मुलं असतील तर प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासल्याचे कागद आणि तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना माहीत आहे का, ही पडताळणी कोणत्याही कारणानं टाळू नये.

‘नोकरी लागली’ म्हणजे काय, हे आकडे बघण्याआधी ठरवा. पंधरा दिवस टिकलेलं काम त्यात धरायचं का? पुढच्या अभ्यासक्रमाला गेलेले कुठं मोजायचे? मग तीन आणि सहा महिन्यांपूर्वी अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेल्यांपैकी दहा जणांना स्वतः फोन करा.

पैशांचे हिशेब, प्रशिक्षकांची ये-जा, विश्वस्तांच्या सभांचे इतिवृत्त हे एका दुपारचं काम. इतिवृत्तात गळतीचा विषय कधी निघालाय का, एवढं मात्र शोधा.

अहवालातल्या प्रत्येक विधानामागं निदान दोन प्रकारचा पुरावा हवा, उदाहरणार्थ फाइल आणि मुलाखत. मसुदा संस्थेला दाखवा आणि उत्तराला दहा दिवस द्या. तपशील चुकला असेल तर कागद बघून दुरुस्त करा. मत केवळ विनंतीवरून बदलू नका. प्रत्येक शिफारशीपुढं करणाऱ्याचं पद आणि मुदत लिहा. सहा महिन्यांनी परत जाल तेव्हा नव्या बॅचची प्रवेशयादी घ्या आणि पहिल्या दोन आठवड्यांत किती गळाले ते पुन्हा मोजा.