झाडछाटणीचा ठेका घेताय? दोर बांधायच्या आधी घ्यायचे निर्णय

सोसायटीचे सेक्रेटरी गेटपाशी भेटतात, वर बोट दाखवतात आणि विचारतात, "एवढीच फांदी काढायचीय, किती घ्याल?" आपण मान वर करतो आणि लगेच आकडा सांगून मोकळे होतो. या धंद्यात होणारं निम्मं नुकसान त्या एका मिनिटातलं असतं, उरलेलं नंतर अंगावर येतं. मी पुण्यात बरीच वर्षं हे काम करतोय. दोन चढणारे, दोन खालचे आणि भाड्याचा टेम्पो, एवढाच माझा पसारा. असाच छोटा ठेका चालवणाऱ्यांसाठी, किंवा नव्याने या कामात उतरणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने निर्णय घेतो तो क्रम इथे लिहितो.

आधी झाडाभोवती एक पूर्ण फेरी

आकडा सांगू नका. "बघून सांगतो" म्हणा आणि झाडाभोवती फिरा. माझी फेरी नेहमी खालून वर जाते.

मुळांपाशी माती उचललेली किंवा एका बाजूला भेगाळलेली आहे का, ते बघा. नुकतंच गटार किंवा केबलसाठी खोदकाम झालं असेल तर मुळं तुटली असण्याची शक्यता धरूनच चाला. बुंध्याला कडक, फळीसारखी अळंबी आलेली दिसली तर आत कूज आहे. लाकडी हातोड्याने बुंधा चारही बाजूंनी ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ बुंधा ढोलासारखा घुमतो. हा फरक कानाला दहा-वीस झाडांत कळायला लागतो. पोकळ झाडावर माणूस चढवायचा नाही. क्रेन किंवा बकेटवाली गाडी मागवायची आणि तिचं भाडं दरात धरायचं.

बुंध्यावरून हात फिरवा. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे आणि लाइटिंगच्या तारा साल वाढून आत गाडल्या जातात. एका खिळ्यावर चेनसॉची (मशीनच्या करवतीची) चेन गेली की सगळे दात बसतात आणि अर्धा दिवस कानस घासण्यात जातो.

मग वर बघा. वाळलेल्या फांद्या, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यातली चीर, जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा. आणि मोहोळ. सातेरी मधमाश्या ढोलीत राहतात, त्या एक वेळ परवडल्या. आग्या मोहोळ उंच फांदीखाली उघडं लटकलेलं असतं आणि पानांच्या दाटीत सहज दिसत नाही. चेनसॉच्या आवाजाने आणि फांदीच्या हादऱ्याने ते उठतं, आणि वर दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही. म्हणून मी चारही बाजूंनी, उन्हाला पाठ करून, निदान दहा मिनिटं नुसता वर बघत उभा राहतो. मोहोळ दिसलं तर मध काढणाऱ्या माहीतगाराला आधी बोलवायचं, त्याचं काम झाल्यावर आपलं.

घरटीही बघायची. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षावर, चिंचेवर बगळे आणि ढोकऱ्यांच्या वसाहती असतात. खाली पांढरी शिट पडलेली दिसली की समजायचं, वर पिल्लं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात घरटी-अंडीही येतात. कायदा बाजूला ठेवला तरी फांदीबरोबर खाली पडलेली पिल्लं ज्याने एकदा पाहिली, त्याला ते दृश्य विसरता येत नाही. झाड पडण्याच्या बेतात नसेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत काम पुढे ढकला.

वजनाचा अंदाज

हे गणित प्रत्येक छोट्या ठेकेदाराला तोंडपाठ हवं. ओल्या लाकडाचं वजन ढोबळमानाने पाण्याएवढं धरायचं, म्हणजे घनमीटरला एक टन. ३० सेंटिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका सुमारे ७० किलोचा भरतो. व्यास दुप्पट झाला, म्हणजे ६० सेंटिमीटर, की तेवढ्याच लांबीचा ओंडका २८० किलोचा होतो. जाडी दुप्पट तर वजन चौपट.

हे मी फार उशिरा शिकलो. सुरुवातीच्या काळात एका बंगल्यातल्या गुलमोहराची मांडीएवढी जाड, पाचेक मीटर लांब फांदी उतरवत होतो. "एवढीशी तर आहे" म्हणून खालच्या पोराने दोर हातालाच गुंडाळला. फांदी सुटली. तिचं वजन पाल्यासकट शंभर किलोच्या वर असणार, पोराचं पन्नास. तो जमिनीपासून दोन हात वर उचलला गेला आणि दोर सुटताना तळव्याची साल सोलून गेला. त्या हाताने त्याला महिनाभर भाकरी मोडता येत नव्हती. चूक माझी होती, मी त्याला दोर कसा धरायचा ते दाखवलं नव्हतं.

तेव्हापासूनचा नियम असा. जड फांदीचा दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही. शेजारच्या भक्कम बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे आणि वेढ्यांच्या घर्षणावर फांदी हळूहळू सोडायची. चढायचा दोर वेगळा, फांदी उतरवायचा वेगळा, आणि काथ्याचा दोर यांपैकी कशालाच नाही. दोर कुठे चिरला असेल तर त्याच दिवशी तुकडे करून टाकायचा, नाहीतर तो परत कोणाच्या तरी हातात येतो.

परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय तारीख द्यायची नाही

महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. अर्ज पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा, पुण्यात ते काम उद्यान विभागातून चालतं. कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं, त्यामुळे "फक्त छाटणी आहे" ही पळवाट समजू नका. पूर्ण झाड काढायचं असेल तर पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, लोकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं, आणि त्याला हात लावणं आणखी अवघड आहे.

आपल्यासाठी कळीची गोष्ट अशी की कायदा झाड तोडणाऱ्यालाही धरतो आणि तोडायला लावणाऱ्यालाही. "तुम्ही कापा, परवानगीचं मी बघतो" असं म्हणणारा मालक तक्रार झाल्यावर दार उघडत नाही, आणि पंचनाम्यात करवत आपली असते. अर्ज जागेच्या मालकाच्या किंवा सोसायटीच्या नावाने, त्यांच्याच सहीने जाऊ द्या. फोटो काढून द्यायला, झाडाचं नाव आणि बुंध्याचा घेर लिहून द्यायला मदत जरूर करा. मंजूर कागदावर किती झाडं, कोणती आणि छाटणी की तोड, हे शब्द स्वतः वाचा. कामाच्या दिवशी त्याची प्रत खिशात ठेवा.

गावाकडे हिशेब वेगळा आहे. तिथे १९६४ चा वृक्षतोड अधिनियम येतो, त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडाही आहेत. "बांधावरचा आंबा माझाच आहे" एवढ्यावर तो तोडता येत नाही. गोव्यात काम घेणाऱ्यांनी तिथला १९८४ चा वृक्ष जतन कायदा बघावा.

तारा जवळ असतील तर वीज कंपनीकडे लाइन बंद करण्याचा अर्ज आधीच द्या. लाइनमन समोर येऊन "बंद आहे" असं म्हणेपर्यंत कोणीही वर चढत नाही. ओली फांदी वीज वाहून नेते आणि तारेला टेकायला तिला वाऱ्याची एक झुळूक पुरते.

"पार बोडकं करून टाका" म्हणाले तर

हे वाक्य तुम्हाला दर उन्हाळ्यात ऐकू येईल. पाला पडतो, गाड्या खराब होतात, पावसाळ्यात भीती वाटते, म्हणून सगळा शेंडा उडवून टाका. मी हे काम घेत नाही, आणि का घेत नाही हे गिऱ्हाइकाला तिथेच समजावून सांगतो. शेंडा उडवला की झाड उपाशी पडतं, मग कापलेल्या टोकांवरून घाईघाईने सरळसोट कोंब फेकतं. ते कोंब नुसत्या सालीच्या आधाराने चिकटलेले असतात आणि दोन-तीन वर्षांत जाड होऊन वाऱ्यात तेच आधी मोडतात. उघडी पडलेली जाड टोकं आतून कुजत जातात. म्हणजे भीती घालवायला केलेलं काम भीती वाढवून ठेवतं.

त्याऐवजी वाळलेलं, मोडलेलं, एकमेकांवर घासणारं आणि छपरावर आलेलं लाकूड काढा. एका वेळी पानांच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंचा तोल सांभाळा, नाहीतर रस्त्याकडची बाजू साफ आणि बंगल्याकडची भरगच्च असं झाड पहिल्या वळवात बंगल्यावरच येतं. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक गळ्यापर्यंत बसवले असतील तर निदान एक मीटर माती मोकळी करायला सांगा. अशा सल्ल्याचे पैसे मिळत नाहीत, पण मला सर्वात जास्त कामं त्यातूनच मिळाली आहेत.

दर कसा काढायचा

रोजंदारीवर काम घेतलं तर गिऱ्हाईक घड्याळ बघत बसतं, म्हणून आपल्याकडे बहुतेक काम उक्तंच, म्हणजे पूर्ण कामाचा एकच आकडा सांगून, ठरतं. उक्तं सांगायचं तर आधी आपला खर्च कागदावर हवा. समजा दीड दिवसाचं काम आहे. चढणाऱ्या दोघांची प्रत्येकी १,८०० आणि खालच्या दोघांची प्रत्येकी ९०० हजेरी, म्हणजे दिवसाला ५,४०० आणि दीड दिवसाचे ८,१००. टेम्पोच्या दोन खेपा ५,०००. पेट्रोल, ऑइल, चेन १,२००. झाले १४,३००. यावर मशीन आणि दोरांच्या झिजेसाठी दहा टक्के, म्हणजे १५,७३०. वर वीस टक्के नफा धरला तर दर १९ हजारांच्या आसपास जातो. गेटपाशी उभं राहून तोंडाला आलेला "बारा हजार" हा आकडा आपल्याच खिशातून पैसे घालायला लावतो. हजेरीचे आकडे तुमच्या गावाचे घाला, पद्धत हीच ठेवा.

टेम्पोच्या खेपा सगळेच कमी धरतात. पाला फार जागा खातो. गल्लीत टेम्पो येत नसेल तर फांद्या रस्त्यापर्यंत वाहायला अर्धा दिवस जास्त लागतो, तोही धरा.

लाकूड कोणाचं, हे आधी बोलून घ्या आणि लिहून घ्या. आंब्या-जांभळाच्या ओंडक्यांवरून कामाच्या शेवटी होणारी भांडणं मी खूप पाहिली आहेत. वखारीला घालायचं असेल तर तो पैसा दरातून वजा करून दाखवा, गिऱ्हाइकालाही बरं वाटतं. सागासारखं लाकूड गाडीत भरायच्या आधी वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो का, ते विचारून घ्या.

इसार निम्मा घ्या. सोसायटीचं बिल ३० हजारांच्या वर असेल तर ते टीडीएस, म्हणजे बिलातूनच आयकर, कापतात. ठेका तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर एक टक्का, पॅन दिला नाही तर वीस टक्के. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा धंदा म्हणून सरकारी नोंद, मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

माणसं

अपघात झाला तर भरपाई ठेकेदारावर येते, ही जबाबदारी आपल्याकडे १९२३ पासून कायद्यात आहे. कामगार भरपाईचा विमा घ्या आणि त्यात उंचीवरचं काम स्पष्ट लिहून घ्या. त्याशिवाय प्रत्येकाचं बँक खातं बघून पंतप्रधान सुरक्षा विमा चालू करा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे, वय १८ ते ७० चालतं. हप्ता मी माझ्या खिशातून भरतो.

फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचे सुरक्षा पट्टे) आणि हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट घातल्याशिवाय चढायचं नाही. वर चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं हवं, कारण एक दोर करवतीखाली येऊ शकतो. पाऊस पडून गेल्यावर शेवाळलेल्या सालीवर पाय ठरत नाही, अशा दिवशी सुट्टी द्या. रात्री दारू प्यायलेल्या माणसाला सकाळी परत पाठवायचं, मग तो कितीही जुना असो.

काप तीनच, आणि जागेवर

जाड फांदी एका घावात वरून कापली की पडताना ती बुंध्याची साल फाडत खाली नेते. म्हणून पहिला काप खालून, बुंध्यापासून हातभर अंतरावर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी साल न सोलता सुटते. उरलेला खुंट हाताने धरून तिसरा काप घ्यायचा. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे सालीची फुगीर कड असते. काप तिच्या अगदी बाहेर घ्यायचा, कड कापायची नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. झाड जखम त्या कडेतूनच भरून आणतं. पुढच्या वर्षी जाऊन बघा, कापाभोवती गोल वळकटी आलेली दिसते.

जखमेवर डांबर फासू नका. फळझाडाच्या मालकाने आग्रहच धरला तर बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे.

काम संपल्यावर पाला पेटवू नका, खतासाठी द्या. शेवटच्या कापाचा आणि झाडलेल्या अंगणाचा फोटो काढा, बिलाला जोडा, आणि झाडाचं नाव, तारीख आणि काय कापलं हे वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी त्याच गेटमधून फोन येतो तेव्हा वही उघडली की फांदी न फांदी समोर येते.