लेक काउंटीच्या मंडळासमोर आपले म्हणणे कसे मांडावे

कॅलिफोर्नियातील लेक काउंटीत क्लिअर लेक या तलावाच्या काठी राहणाऱ्याने तक्रार करण्यापूर्वी आपले घर कोणाच्या हद्दीत येते ते पाहावे. लेकपोर्ट आणि क्लिअरलेक या दोन शहरांना स्वतःच्या नगर परिषदा आहेत, तर उरलेल्या वस्त्यांचा स्थानिक कारभार प्रामुख्याने काउंटीच्या पाच निर्वाचित सदस्यांच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे, म्हणजे मंडळाकडे, असतो.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे मंडळाच्या बैठकीची कार्यसूची. स्थानिक संस्थांच्या बैठका जनतेसाठी खुल्या ठेवणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार ती नियमित बैठकीच्या किमान ७२ तास आधी, आणि विशेष बैठकीच्या २४ तास आधी लावावी लागते. तिच्यातील ‘कन्सेंट’ या शीर्षकाखालचे विषय बहुधा चर्चेविना एकाच ठरावाने मंजूर होतात आणि एखादे महत्त्वाचे कंत्राट त्यांतच असू शकते, म्हणून माझ्या मते वाचनाची सुरुवात तिथूनच करावी.

कार्यसूचीतील विषयावर निर्णय होण्यापूर्वी किंवा होत असताना बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तलावातील विषारी शेवाळासारखा प्रश्न कार्यसूचीत नसला, तरी तो मंडळाच्या अधिकारकक्षेत येत असल्यास नागरिकांना बोलण्यासाठी राखलेल्या खुल्या वेळेत मांडता येतो. मात्र मोजके अपवाद वगळता मंडळ त्यावर त्याच दिवशी निर्णय घेऊ शकत नाही. तेव्हा तो पुढील कार्यसूचीत घेण्याची स्पष्ट मागणी करावी. वेळ मर्यादित असल्याने आधी मागणी आणि मग कारण सांगावे. बैठकीला उपस्थित राहण्यासाठी नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही, हेही संकोची माणसाने जरूर लक्षात ठेवावे.