दोन महायुद्धांमधलं डॅनिश कंझर्व्हेटिव्ह मासिक वाचायला घ्यायचंय? मग असं करा

पहिल्या अंकापासून ओळीने वाचत बसू नका, कंटाळून सोडून द्याल. आधी तारखांचा एक कागद करा आणि त्या तारखांच्या आसपासचे अंक काढा.

१९१५-१६ ला जुना उजवा हॉयरे पक्ष जाऊन कंझर्व्हेटिव्ह पीपल्स पार्टी आली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. १९२० च्या ईस्टरला राजा ख्रिश्चन दहावा यांनी श्लेसविग या जर्मनीलगतच्या भागातल्या सीमेवरून सरकारच बरखास्त केलं आणि शेवटी त्यांना माघार घ्यावी लागली, त्यावेळी मासिक राजाच्या बाजूने किती ठाम होतं ते बघा. १९२९ ला संरक्षण खर्चावरून कंझर्व्हेटिव्हांनी बजेटला साथ दिली नाही, सरकार पडलं आणि सोशल डेमोक्रॅट नेते स्टाउनिंग परत पंतप्रधान झाले.

पण खरी मजा १९३३ मध्ये आहे. ३० जानेवारीला, म्हणजे हिटलर चान्सलर झाला त्याच दिवशी, स्टाउनिंगच्या घरी कान्सलरगादे करार, म्हणजे आर्थिक संकटावरचा पक्षांमधला समझोता, झाला. त्यात व्हेन्स्ट्रे (शेतकऱ्यांचा उदारमतवादी पक्ष) आणि रॅडिकल (स्टाउनिंगचा सरकारमधला जोडीदार पक्ष) आत, कंझर्व्हेटिव्ह बाहेर! इकडे पक्षाची तरुण मंडळी युनिफॉर्म घालून मोर्चे काढतायत आणि तिकडे पक्षाचे नेते ख्रिसमस म्योलर नाझींच्या विरोधात. म्हणून या काळातला प्रत्येक लेख वाचताना लेखक तरुण संघटनेतला की जुन्या फळीतला ते बाजूला लिहून ठेवा, आणि संसदेबद्दल तो कुठल्या सुरात बोलतो तेही, कारण संपादकीय सगळ्यांना सांभाळून घेणारं असू शकतं, बाकीच्या लेखांत भांडण सापडतं. जाहिराती पण बघा हं, पैसा कुठून येतोय याचा थोडा अंदाज येतो.

सर्च करताना एक भानगड आहे. डोक्यावर गोल असलेला ए (å) १९४८ च्या डॅनिश शुद्धलेखन सुधारणेनंतर अधिकृत झाला, त्याआधीच्या मजकुरात डबल ए (aa) टाकून शोधा, नाहीतर अर्धे लेख दिसणारच नाहीत. विरोधकांची प्रतिक्रिया हवी असेल तर पोलिटिकेन आणि सोशल-डेमोक्राटेन हे पेपर चाळा, कंझर्व्हेटिव्हांच्याच बाजूचं काय म्हणणं होतं त्यासाठी बर्लिंग्स्के. डेन्मार्कच्या रॉयल लायब्ररीच्या मीडियास्ट्रीम या वेबसाइटवर जुने पेपर आहेत.

शेवटी २३ मे १९३९. नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं. मत देणाऱ्यांमध्ये होकार प्रचंड होता, पण एकूण मतदारांपैकी ४५ टक्के लागत होते, ते थोडक्यात हुकले आणि म्योलरनी अध्यक्षपद सोडलं. त्यांच्याच पक्षातले काही विरोधात होते, ते कोण ते त्या वर्षीच्या अंकांतून शोधा आणि त्याच लोकांचे १९३३ चे लेख काढून शेजारी ठेवा.