कार्डातला फोटो क्लाउडवर जाताना हमखास होणाऱ्या चुका, आणि त्या कशा टाळाव्यात

बडोद्याच्या रावपुऱ्यात माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. गणपतीचे दिवस आणि पाठोपाठ नवरात्रीच्या रात्री म्हणजे त्यांची खरी सुगी. प्रत्येक कामाचं ट्रेलोवर, म्हणजे कामांच्या याद्या सांभाळणाऱ्या ऑनलाइन फळ्यावर, एक कार्ड असतं. निवडलेले फोटो कार्डाला जोडायचे, तिथून ते आपोआप क्लाउडिनरी या फोटो साठवणाऱ्या सेवेवर चढायचे आणि त्यांची लिंक कार्डात परत यायची, अशी सोय आम्ही कोडची एक ओळही न लिहिता झॅपियरवर, म्हणजे एका अॅपमधलं काम आपोआप दुसऱ्या अॅपला सोपवणाऱ्या सेवेवर, बसवली. बसवायला एक दुपार पुरली, नीट चालायला दोन गणपती गेले.

त्या दोन वर्षांतल्या बहुतेक घोळांचं मूळ एकच निघालं. फाइलचं नाव, फाइलचा पत्ता आणि खुद्द फाइल या तीन वेगळ्या गोष्टी आम्ही एकच धरून चाललो होतो. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात उभं राहून नुसतं ‘जोशी’ म्हणून हाक मारली की तीन दारं उघडतात, तसलाच प्रकार.

लिंक दिली म्हणजे फाइल दिली नव्हे

लक्षण असं: सगळ्या पायऱ्यांवर हिरवी खूण, पण क्लाउडवर फोटोऐवजी एक इवलीशी टेक्स्ट फाइल. उघडली तर आत नुसती लिंक. झॅपियरमध्ये फाइलच्या रकान्यात थेट फाइलपर्यंत जाणारा, सगळ्यांना खुला असलेला पत्ता दिला, तर तो फाइल आणून पुढे देतो. साधा मजकूर दिला, तर त्या मजकुराचीच फाइल करून पाठवतो. बिचाऱ्याने सांगितलं तेच केलेलं असतं.

दुसरा सापळा गूगल ड्राइव्हच्या शेअर लिंकचा. ती लिंक फोटो दाखवणाऱ्या पानाची असते, फोटोची नव्हे. ड्रॉपबॉक्सच्या लिंकच्या शेवटी ‘डीएल=०’ असेल तर पान उघडतं; तिथे १ केला की फाइल उतरते. ट्रेलोला जोडलेल्या फाइलचा पत्ता तर लॉगिन मागतो. आपल्या ब्राउझरमध्ये आपण आधीच लॉगिन असतो, म्हणून फोटो दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. तोच पत्ता दुसऱ्या सेवेला दिला की ४०१ क्रमांकाची चूक येते, म्हणजे ‘तुम्ही कोण?’

यावर आमची परीक्षा सोपी आहे. लिंक इनकॉग्निटो खिडकीत उघडायची. आजूबाजूला काहीही नसताना नुसता फोटो दिसला किंवा सरळ डाउनलोड झाला, तर ती लिंक चालेल. बटणं, लोगो, लॉगिन दिसलं तर नाही. झॅपियरमध्ये रकाना निवडताना ज्याच्यासमोर ‘आहे, पण दाखवलेलं नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, तीच बहुतेकदा खरी फाइल असते. आम्ही नेमकी तीच रिकामी समजून सोडून देत होतो. झॅपियरऐवजी मेक ही तसलीच सेवा वापरत असाल तर फाइलचं नाव आणि आतला डेटा हे दोन्ही वेगवेगळे द्यावे लागतात, आणि नावाला ‘.जेपीजी’सारखं शेपूट विसरू नका.

कार्डात पाच फोटो आणि क्लाउडवर एकच पोहोचला, तर पाचांची यादी एका फोटोच्या जागी भरली आहे असं समजा. यादीतला एकेक फोटो वेगळा पुढे पाठवायला झॅपियरमध्ये लूपची पायरी असते, मेकमध्ये इटरेटर. ती मध्ये घाला.

स्वतःचंच शेपूट पकडणारी साखळी

आमचा ट्रिगर, म्हणजे साखळी सुरू करणारी घटना, होता ‘कार्ड बदललं की’. कार्ड बदललं, फोटो चढला, लिंक कार्डात लिहिली गेली. लिंक लिहिली म्हणजे कार्ड पुन्हा बदललंच की! मग पुन्हा फोटो, पुन्हा लिंक. झॅपियरच्या मोफत योजनेत महिन्याला १०० टास्क, म्हणजे आपोआप पार पडणारी १०० कामं, मिळतात. आमचे सगळे आम्ही झोपेत असताना संपले, आणि सकाळी कार्डात एकाच मोरयाच्या लिंकांची रांग लागलेली.

ट्रिगर अरुंद करा. ‘कार्ड निवड-झाली या यादीत सरकवलं की’ असा ठेवा, आणि वर एक फिल्टर लावा: वर्णनात क्लाउडची लिंक आधीच असेल तर थांब. फिल्टरवर अडलेली फेरी टास्कमध्ये मोजली जात नाही, त्यामुळे कंजूषपणा करू नका.

एकच नाव, दोन फोटो

कॅमेरे फोटोंना आकडे देतात आणि ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. दोन फोटोग्राफर, दोन कॅमेरे, दोघांकडेही ‘आयएमजी ४५२१’. इथे दोन सेवांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. गूगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली खुशाल ठेवतो, कारण तो फाइल आतल्या आयडीने ओळखतो. त्यामुळे तीच फेरी पुन्हा चालवली की फोटो दुप्पट. क्लाउडिनरीत प्रत्येक फोटोला पब्लिक आयडी, म्हणजे त्याची ओळख ठरवणारं नाव, असतो. तोच आयडी देऊन नेहमीच्या सही केलेल्या (खात्याच्या गुप्त किल्लीने खातरजमा होणाऱ्या) पद्धतीने फोटो चढवला, तर जुना जातो आणि नवा त्याच्या जागी बसतो. आम्ही कॅमेऱ्यातलं नावच आयडी म्हणून दिलं होतं. परिणामी एका मंडळाच्या कार्डातली लिंक उघडली की दुसऱ्याच मंडळाची आरती. बडोद्यात गणपतीत यापेक्षा मोठा अपराध नाही!

आता आयडी असा बनतो: ट्रेलो कार्डाचा आयडी, पुढे जोडलेल्या फाइलचा आयडी. कार्डाचं शीर्षक दहा वेळा बदललं तरी कार्डाचा आयडी बदलत नाही. फेरी चुकून दोनदा चालली तरी फोटो आपल्याच जागी पुन्हा बसतो.

मात्र फोटो मुद्दाम बदललात तर पुढचा गोंधळ तयार असतो. जगभरच्या सर्व्हरवर जुनी प्रत काही काळ साठून राहते. आम्ही फोटो तीनदा चढवला आणि मंडळाचे अध्यक्ष तीनदा फोनवर: “अहो दादा, तोच दिसतोय!” चढवताना ‘इनव्हॅलिडेट’ हा साठलेली जुनी प्रत रद्द करणारा पर्याय चालू ठेवा. नाहीतर प्रत्येक वेळी परत येणारी नवी लिंक वापरा, तिच्यात आवृत्तीचा आकडा बदललेला असतो.

देवनागरी नावांचा मोह मलाही झाला. पण लिंकमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतात. ‘गणपती’ एवढ्याच नावाची ४५. अशी लिंक व्हॉट्सअॅपवर गेली की गिऱ्हाईक व्हायरस समजून उघडतच नाही. मराठी नाव टॅगमध्ये किंवा कॅप्शनमध्ये लिहा.

पहाटेचे फोटो आदल्या दिवशी

तारखेवरून फोल्डर बनवत असाल तर वेळेचा पट्टा तपासा. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार आपल्याकडे पहाटे साडेपाचला तारीख बदलते. गरब्याच्या रात्रीसाठी हे चुकून सोयीचंच पडतं, अख्खी रात्र एका तारखेत. पण चतुर्थीच्या पहाटेची तयारी आमच्याकडे तृतीयेच्या फोल्डरात जाऊन बसली. एनएटएन (n8n) हे झॅपियरसारखंच साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं असेल तर तिथे मुळात न्यूयॉर्कची वेळ धरलेली असते. ती ‘एशिया/कोलकाता’ करून घ्या.

कालपर्यंत चालत होतं

एनएटएनला स्वतःच्या गूगल प्रोजेक्टमधून ड्राइव्हची परवानगी दिली असेल आणि दर आठवड्याला जोडणी तुटत असेल, तर ते नशीब नव्हे. प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’ अवस्थेत असला की परवानगी ७ दिवसांत संपते. तो प्रकाशित करा. जोडणी एखाद्या पोराच्या खात्यावरून केली असेल, तर तो नोकरी सोडेल त्या दिवशी सगळं बंद. स्टुडिओचं वेगळं खातं ठेवा.

‘गूगल फोटोजच्या अल्बममध्ये नवा फोटो आला की’ असं सांगणारी जुनी शिकवणी आता कामाची नाही. ३१ मार्च २०२५ नंतर बाहेरच्या अॅपला फक्त त्याने स्वतः टाकलेलेच फोटो तसे वाचता येतात. अल्बमऐवजी ड्राइव्हचा फोल्डर घ्या, आणि झॅपियरचा ‘फोल्डरमध्ये नवी फाइल’ हा ट्रिगर उपफोल्डरात डोकावत नाही, एवढं लक्षात असू द्या.

मोठ्या फाइली अडतातच. ट्रेलोच्या मोफत योजनेत एका फाइलला १० एमबी, क्लाउडिनरीच्या मोफत योजनेत फोटोला १० एमबी आणि व्हिडिओला १००. फोर-केमधला मिनिटभराचा गरबा ही मर्यादा सहज ओलांडतो. व्हिडिओ आम्ही ड्राइव्हवर टाकतो आणि कार्डात नुसती लिंक ठेवतो. ड्राइव्हचे मोफत १५ जीबी जीमेलसकट मोजले जातात, हेही आम्हाला ऐन विसर्जनाच्या दिवशी कळलं.

‘कार्ड पुसलं की फोटोही पूस’ अशी जोडणी मात्र करू नका. ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवस थांबते, पण ३१व्या दिवशी लग्नाचा अल्बम मागणारं गिऱ्हाईक मी पाहिलं आहे.

दरवर्षी चतुर्थीच्या आठवडाभर आधी आम्ही एक चाचणी कार्ड सगळ्या पायऱ्यांतून फिरवतो, आणि प्रत्येक पायरीत काय आत गेलं, काय बाहेर आलं ते इतिहासात उघडून बघतो. मावशीच्या हातच्या मोदकांचा फोटो त्यासाठी ठरलेला आहे. गेल्या खेपेला तो चुकून एका मंडळाच्या गॅलरीत गेला. अध्यक्षांनी काढायला सांगितला नाही, फक्त मोदक कुठे मिळतात ते विचारलं.