पासवर्ड कॅलेंडरच्या मागे होता

बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या ऑफिसात सौहार्द सोसायट्यांचं, म्हणजे कर्नाटकातल्या सहकारी पतसंस्थांचं, पिग्मीचं (एजंटाकडे रोज थोडी थोडी भरायची बचत) सॉफ्टवेअर सांभाळायला लागलो, तेव्हा सुरक्षा म्हणजे सर्व्हर आवळणं, म्हणजेच हार्डनिंग, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चार महिने त्यातच गेले. एसई-लिनक्स एन्फोर्सिंगवर, म्हणजे कुठल्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा याचे नियम सक्तीचे; सेकॉम्पचे फिल्टर, म्हणजे प्रोग्रामला कर्नलकडे काय मागता येईल यावर बंधन; सगळं कंपाइल पाय आणि फुल रेलरो लावून, म्हणजे मेमरीतल्या चुकीचा गैरफायदा घेणं अवघड. ते काम वाया गेलं असं अजिबात समजू नका. मायक्रोसॉफ्टनंच 2019 मध्ये सांगितलंय की त्यांच्या सीव्हीईंपैकी (नंबर देऊन नोंदवलेल्या सुरक्षेच्या त्रुटी) साधारण 70 टक्के मेमरीच्या चुकांतून येतात. 2014 मध्ये हार्टब्लीड आलं, म्हणजे ओपनएसएसएलमधल्या चुकीमुळे सर्व्हरच्या मेमरीतली माहिती बाहेर वाचता येऊ लागली, तेव्हा काउंटरवरच्या माणसाच्या हातात काय होतं? काहीच नाही. तिथं जे करायचं ते सर्व्हरवरच करावं लागतं.

फसलो ते पुढे. त्याच झपाट्यात पासवर्डही आवळले: 14 अक्षरं, एक चिन्ह, दर 30 दिवसांनी नवा, तीन चुका झाल्या की लॉक. मला तेही हार्डनिंगच वाटत होतं.

मग एकदा प्रिंटर जोडायला निपाणीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या आक्कांनी लॉगिन करायला भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागे पेन्सिलीनं पासवर्डांची रांग, चार खोडलेले, पाचवा चालू. मुलाचं नाव तेच, शेवटचा आकडा तेवढा एकानं वाढलेला. म्हणजे जुना एक कुणाला कळला की पुढचे सगळे कळले. "बाजाराच्या दिवशी लॉक पडलं की लाईन दारापर्यंत जाते हो," त्या म्हणाल्या. म्हणून अख्खी शाखा त्यांच्याच लॉगिनवर चालायची. हे नीट लक्षात घ्या: माझ्या लॉगमध्ये प्रत्येक नोंद सेकंदासकट होती, पण चार माणसांच्या हातांना नाव एकच. पैशांत घोळ झाला असता तर आळ आक्कांवर आला असता, आणि तो माझ्या नियमामुळे. त्या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, हे अमेरिकेच्या निस्टनं (तिथली मानकं ठरवणारी सरकारी संस्था) 2017 मध्येच लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नव्हतं. सुरक्षा तपासायचं टूल चालवून सर्व्हरला किती मार्क पडले तेवढंच दाखवणारा सिनियर भेटला, तर त्याच्याकडून कमांड शिका. आधी काय करायचं, ते काउंटरवर दिवसभर बसून शिका. त्याला शॉर्टकट नाही.

घाबरू मात्र नका, सुधारायला फार लागत नाही. मुदत काढली, संशय आला तरच बदल. लॉकऐवजी दर चुकीनंतर थोडा जास्त वेळ थांबायला लावायचं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन. ओटीपीचा मेसेज इंग्रजीत जायचा, लोक न वाचताच एजंटापुढे फोन धरायचे. आता तो कन्नड आणि मराठीत जातो, आधी रक्कम, मग कशासाठी, मग आकडा. सगळं मिळून दोन आठवडे.

परवा खानापुरात एका आजीनं तो मेसेज मोठ्यानं वाचला आणि फोन पदराआड धरून एजंटाला विचारलं, "पैसे काढायलास काय रे?"