भोरड्यांचा थवा पाहायचाय?

सोलापूर, पुण्याकडे हिवाळ्यात भोरड्या, म्हणजेच पळसमैना, मध्य आशियातून येतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी त्यांच्या रातथाऱ्याच्या, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या, झाडाजवळ पोहोचा. नेमकं झाड माहीत नसेल तर विजेच्या तारांवर बसलेल्या छोट्या टोळ्या बघा. त्या एकामागून एक ज्या दिशेला उडतील, तिकडेच रातथारा. तोंड पश्चिमेकडे ठेवा, उजळ आभाळावर थवा ठसठशीत दिसतो. शिक्रा किंवा ससाणा आला की नजर हटवू नका. विखुरलेला थवा क्षणात आवळून काळाकुट्ट गोळा होतो, मग चादरीसारखा पसरतो. फ्लॅश मारू नका, टाळ्या तर मुळीच नकोत. उठवलेली पाखरं अंधारात उगाच दमतात. अगदी झाडाखाली उभं राहू नका, विष्ठेचा सडा पडतो. फेब्रुवारी-मार्चात पळस-सावर फुलली की सकाळी त्यांना मध पितानाही पाहा, गुलाबी अंग तेव्हाच नीट दिसतं.